गायिका उतरत होती की ल्यूट चढा होता?

हे प्रकरण एका मैफलीच्या तयारीचं आहे. गायिका, ल्यूटवादक आणि मी, असे तिघे त्यात होतो. नावं, शहर आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र ठेवले आहेत, कारण सगळा मामला शेवटी काही मिलीमीटरांवर येऊन ठेपला.

पार्श्वभूमी

नेदरलँड्समधल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये दीड तासाचा कार्यक्रम ठरला होता. पूर्वार्धात १६०० च्या आसपासची इंग्रजी गाणी, साथीला फक्त ल्यूट. उत्तरार्धात त्याच सुमाराची इटालियन गाणी, त्यात ल्यूटच्या जोडीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कळफलकाचं वाद्य. हार्पसिकॉर्ड लावायचं काम माझ्याकडे. गायिका पश्चिम महाराष्ट्रातली. घरात तंबोरा, लहानपणी सात-आठ वर्षं ख्यालाची तालीम, मग युरोपात येऊन तिने इथलं जुनं संगीत शिकून घेतलं. मला ती दादा म्हणते. ल्यूटवादक इथलाच, चाळिशीतला, अभ्यासू, आणि अभ्यासू माणूस असतो तेवढा हट्टी.

ल्यूट म्हणजे अरबी औदचा युरोपीय वंशज. अर्ध्या कापलेल्या नासपातीसारखं पोट, आखूड मान, मागे मोडून ठेवलेला खुंट्यांचा भाग. तारा जोडीजोडीने असतात. आमच्या वाद्यावर आठ जोड्या होत्या, त्यातल्या वरच्या सहांवर खरं काम चालतं. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्यांचे सूर जी, सी, एफ, ए, डी, जी. क्रमांक मात्र बारीक तारेकडून मोजतात, म्हणून एफची जोडी चौथी. वाजत्या तारेची लांबी ६० सेंटिमीटर. पडदे धातूचे नसतात, तातीचे असतात. मानेभोवती गुंडाळून मागे गाठ मारलेले, म्हणून ते सरकवता येतात.

सतार पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. रागाप्रमाणे पडदा सरकवणं आपल्याकडे नेहमीचंच. पण एक मोठा फरक आहे. सतारीवर पडदा लावताना आपण मुख्यतः बाजाच्या एका तारेचा विचार करतो. ल्यूटवर मात्र एकाच वेळी चार-पाच तारांवर सुरांचा गुच्छ वाजतो आणि एकच पडदा सहाही जोड्यांखालून आडवा जातो. त्या बिचाऱ्याला सहा धन्यांची चाकरी. एकाला खूश करायला तो इंचभर सरकला की दुसऱ्याचं बिघडतं.

आता सुरांचं. तंबोरा चांगला जुळला की त्यातून आपोआप जो गांधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. सेंट म्हणजे सप्तकाचे १२०० सारखे भाग. हार्मोनियमचा किंवा पियानोचा गांधार ४०० सेंटवर, म्हणजे चौदा सेंट चढा. आपल्या गवयांची हार्मोनियमवरची तक्रार मुळात हीच. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा चाललेल्या वादात हा मुद्दा होताच.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात कळफलकाच्या वाद्यांवर यातून एक वाट काढलेली होती, तिचं नाव मीनटोन. षड्ज-पंचमाचं प्रत्येक अंतर किंचित, साडेपाच सेंटच्या आसपास, कमी करायचं. मग असे चार पंचम एकावर एक चढवले की येणारा गांधार तंबोऱ्याइतका शुद्ध येतो. याला पाव कॉमाचा मीनटोन म्हणतात, कारण पंचमातून कापलेला तो भाग कॉमा नावाच्या छोट्या अंतराचा चौथा हिस्सा असतो. पण फुकट काही मिळत नाही. यात अर्ध्या स्वराचे दोन आकार होतात: लहान ७६ सेंटचा, मोठा ११७ सेंटचा. एफपासून एफ शार्प लहान उडीवर, ए पासून बी फ्लॅट मोठ्या उडीवर. हार्पसिकॉर्डला याचं काही नाही, तिथे प्रत्येक पट्टीची तार वेगळी असते. ल्यूटवर मात्र एफ शार्प आणि बी फ्लॅट हे दोघं शेजारच्या दोन जोड्यांवर, त्याच पहिल्या पडद्यावर राहतात. इथून पुढची सगळी गोष्ट त्या पहिल्या पडद्याची आहे.

अडचण

मैफलीला नऊ दिवस असताना तिसरी तालीम झाली. एक गाणं जी मायनरमधलं होतं. त्यात ओळीच्या शेवटी डी मेजरचा गुच्छ येतो, गायिका एफ शार्पवर थांबते, आणि मग जीवर येऊन ओळ संपते. आपल्या भाषेत सांगायचं तर डीला षड्ज धरला की तो एफ शार्प म्हणजे शुद्ध गांधार.

तो सूर लागेना. म्हणजे ती लावत होती, पण ऐकणाऱ्याला काहीतरी खुपत होतं. तालमीला आलेले सल्लागार ज्येष्ठ गायनशिक्षक होते. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "तू उतरतेस. थांबल्यावर श्वासाचा आधार सुटतो तुझा." मीही मान हलवली. ल्यूटवादक गप्प राहिला, पण त्याचा चेहरा बोलत होता.

दुपारी ती मला म्हणाली, "दादा, मी वर नेऊन बघितला. वर नेला की बोचतो. खाली ठेवला की तुम्ही सगळे माझ्याकडे बघता."

मी तिला फोनवरचं सूर मोजायचं ॲप लावायला सांगितलं. त्यात तिचा एफ शार्प साधारण दहा सेंट खाली दिसला. मी म्हणालो, "बघ, खाली आहे." ती काही बोलली नाही. माझं हे वाक्य या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ठरली. हार्पसिकॉर्ड पाव कॉमाच्या मीनटोनमध्ये मीच लावला होता. त्या पद्धतीत ए बरोबर धरला तर एफ शार्प पियानोच्या मापाने दहा सेंट खालीच असायला हवा. ॲप पियानोच्या मापाने मोजत होतं. म्हणजे ती अगदी बरोबर गात होती आणि मी तिला पुरावा दाखवून चूक ठरवत होतो.

कशावरून शंका आली

रात्री तालमीचं रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. त्याच गाण्यात मध्ये एक बी फ्लॅट लांबवर धरायचा आहे, खाली जी मायनरचा गुच्छ. जीच्या षड्जावर तो कोमल गांधार. तिथेही घासत होतं. पण तिथे ती ल्यूटच्या वर होती. मोजलं तर सतरा-अठरा सेंट वर.

माझी झोप उडाली ती इथे. ज्याचा श्वास सुटतो तो सगळीकडे उतरतो. ज्याचा आवाज घाबरून ताणला जातो तो सगळीकडे चढतो. एकाच गाण्यात, चार ओळींच्या अंतराने, एक सूर खाली आणि दुसरा वर, तोही दर वेळी तेवढाच, असं कमकुवत गळा करत नाही. तिचा शुद्ध गांधार खाली जात होता, कोमल गांधार वर जात होता, आणि दोन्ही आपापल्या नैसर्गिक जागेकडे जात होते.

दुसऱ्या दिवशी ल्यूटशिवाय बसलो. तिच्याच फोनवर तंबोरा लावला, षड्ज डी. "गांधारावर थांब," एवढंच सांगितलं. ती थांबली, डोळे मिटून. कालच्याच जागी. मग षड्ज जी केला आणि कोमल गांधार मागितला. तोही कालच्याच जागी, उलट किंचित आणखी वर. नंतर ल्यूटवादकाला एकेक तार वेगळी वाजवायला लावली. त्याचा एफ शार्प ॲपवर चौदा सेंट चढा होता. बी फ्लॅट बरोबर शून्यावर, म्हणजे पियानोच्या जागी, आणि म्हणून मीनटोनच्या हिशेबाने सतरा सेंट खाली.

स्टीलची पट्टी घेऊन मोजलं. पहिला पडदा मानेच्या टोकाच्या पट्टीपासून जेमतेम ३४ मिलीमीटरवर होता. बाकीचे सगळे पडदे त्याने पाव कॉमाप्रमाणे नेमके लावले होते. चौथा तर अगदी १२० मिलीमीटरवर, तारेच्या पाचव्या हिश्शावर, शुद्ध गांधाराची आदर्श जागा. पण पहिल्या पडद्यापाशी त्याची पंचाईत झाली होती. बी फ्लॅटला तो ३९ मिलीमीटरवर हवा, एफ शार्पला २६ वर. "मग मी मध्ये ठेवला," तो म्हणाला, "दोघांचं भागेल म्हणून."

दोघांचं भागलं नव्हतं, दोघांचंही बिघडलं होतं. त्याच्या डीपासून एफ शार्पचं अंतर ४१० सेंट होत होतं. पियानोच्या ४०० पेक्षाही ताणलेला गांधार! पियानोला ज्या दोषासाठी नावं ठेवायची तो दोष आम्ही हौसेने वाढवून घेतला होता. एकट्या ल्यूटवर हे लपून जातं. तार छेडली की सूर क्षणात विरतो आणि कान माफ करतो. आवाज मात्र त्या सुरावर चार मात्रा उभा राहतो, आणि उभा राहणाऱ्याकडेच लोक बघतात.

हे दुखणं आमचं एकट्याचं नाही. बोलोन्याच्या एर्कोले बोत्रिगारीने १५९४ मध्ये यावरच लिहिलं आहे: निरनिराळी वाद्यं एकत्र वाजली की सूर का जुळत नाहीत. त्याने वाद्यांचे तीन वर्ग मांडले. ऑर्गन-हार्पसिकॉर्डसारखी स्थिर वाद्यं, ल्यूट आणि व्हायोल (पडद्यांचं, गजाने वाजणारं वाद्य) यांसारखी स्थिर पण थोडीफार वळवता येणारी, आणि ट्रॉम्बोनसारखी पूर्णपणे वळणारी. आवाजही या तिसऱ्या जातीचाच. माझं निरीक्षण असं की दोष नेहमी तिसऱ्या वर्गाच्या माथी येतो. जो हलू शकतो त्यालाच सगळे हलायला सांगतात.

पर्याय

आठ दिवस हातात होते. टेबलावर पट्टी, पेन्सिल आणि चहा घेऊन तिघे बसलो.

पहिला पर्याय सोपा होता: ल्यूटचे सगळे पडदे समान अंतरांच्या पद्धतीने लावायचे. त्याला मोठा आधारही आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई स्वतः ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ मध्ये पडद्यांसाठी १८ : १७ चं प्रमाण सांगितलं. राहिलेल्या तारेचा अठरावा भाग मोजायचा, तिथे पडदा, मग पुन्हा अठरावा भाग, पुढचा पडदा. साठ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३३ मिलीमीटरवर येतो. तेव्हाचे पुष्कळ वादक असंच काहीसं करत असणार. पण मग उत्तरार्धात माझ्या हार्पसिकॉर्डशी भांडण, आणि एफ शार्प तरीही गायिकेच्या चौदा सेंट वर. ती म्हणाली, "चालवून घेईन, पण मग मला हार्मोनियमवर गातेय असंच समजावं लागेल." यात नाराजी नव्हती, तयारी होती. मला मात्र ते नको वाटलं. जिच्या कानाने चूक सापडली तिलाच तडजोड करायला लावायची?

दुसरा पर्याय पाव कॉमाला चिकटून राहायचा. पहिला पडदा ३९ वर न्यायचा आणि एफ शार्पसाठी फक्त चौथ्या आणि पाचव्या जोडीखाली, २६ मिलीमीटरवर, छोटा तुकडा चिकटवायचा. अशा तुकड्यांना तेव्हाच्या इटलीत तास्तिनी म्हणत, म्हणजे छोटे पडदे. गॅलिलेईंना ते मुळीच पसंत नव्हते, यावरूनच ते वापरणारे होते हे कळतं. सूर यात सगळ्यात गोड. पण पडदा आणि तुकडा यांत तेरा मिलीमीटरचं अंतर. बी फ्लॅट आणि एफ शार्प एकामागून एक येतात तिथे बोटाला दर वेळी वेगळी जागा शोधावी लागणार. वादकाने दहा मिनिटं करून पाहिलं आणि मान हलवली.

तिसरा पर्याय बोटं बदलण्याचा. एफ शार्प चौथ्या जोडीच्या पहिल्या पडद्याऐवजी पाचव्या जोडीच्या सहाव्या पडद्यावरही मिळतो आणि तिथे तो योग्य जागी होता. पण हात एकदम वर न्यावा लागतो आणि गुच्छातले बाकीचे सूर सुटतात. एखाद्या ठिकाणी ठीक, चौदा ठिकाणी नाही.

चौथा पर्याय मी सुचवला, आणि त्यावर वाद झाला. मी म्हणालो, गायिका गांधारावर उभी असेल तेव्हा तू गांधार वाजवूच नकोस. गुच्छातून तेवढा सूर गाळ, तो ती गातेच आहे. इटालियन गाण्यांत त्याला हरकत नव्हती, कारण तिथे फक्त खालची ओळ लिहिलेली असते, वरचं वादकाने भरायचं. पण डाउलंडसारख्या त्या काळच्या रचनाकारांच्या इंग्रजी गाण्यांत ल्यूटचा सूर न् सूर छापलेला असतो. तो म्हणाला, "डाउलंडने लिहिलेला सूर मी गाळायचा? का, तर मला पडदा लावता येत नाही म्हणून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते त्याला त्या दिवशी पटलं नसतं.

पाचवा पर्याय मधला: कॉमाच्या सहाव्या हिश्शाचा मीनटोन. पंचम जरा कमी कापायचा, गांधार ३८६ ऐवजी ३९३.५ वर येऊ द्यायचा. लहान आणि मोठ्या अर्ध्या स्वरातला फरक एकेचाळीस सेंटवरून साडेएकोणीसवर येतो. पडद्याच्या भाषेत, बी फ्लॅटला ३६ मिलीमीटर, एफ शार्पला ३०. मधलं अंतर तेरावरून सहा. गंमत म्हणजे १६१० मध्ये डाउलंडच्या नावाने छापलेल्या पडद्यांच्या सूचनांत पहिला पडदा तारेच्या ३३ भागांपैकी दोन भागांवर सांगितला आहे. आमच्या ल्यूटवर तो ३६.४ भरतो. डाउलंडचे सगळेच पडदे काही मीनटोनमध्ये बसत नाहीत, दुसरा तर वेगळ्याच हिशेबाचा आहे. पण पहिल्या पडद्याचा हा आकडा पाहून वादकाचा चेहरा उजळला. मी मनात म्हटलं, डाउलंडसाहेब धावून आले.

निर्णय

पाचवा पर्याय घ्यायचा, त्याला दुसऱ्याची जोड द्यायची, हे ठरलं. पहिला पडदा ३६ वर, चौथ्या जोडीखाली एकच छोटा तुकडा ३० वर. माझ्या हार्पसिकॉर्डलाही सहाव्या हिश्शात आणायचं.

तो शेवटचा भाग मला जड गेला, हे कबूल करतो. पाव कॉमाचा शुद्ध गांधार हार्पसिकॉर्डवर ऐकला की जीभ गुळावर ठेवल्यासारखं वाटतं. तो सोडायचा, तेही एका तातीच्या पडद्यासाठी? पण मग उमगलं की हार्पसिकॉर्ड कोणत्या पद्धतीत लावायचा हे मी एकट्याने ठरवून टाकलं होतं, ना गायिकेला विचारलं, ना वादकाला. त्या निर्णयामागे फरपटत त्याने पडदे हलवले, आणि त्या पडद्यांमागे फरपटत ती बेसूर ठरली.

गायिकेला विचारलं, सात सेंट चढा गांधार चालेल का? ती म्हणाली, "लावून दाखवा." लावला. तिने तीनदा गाऊन पाहिलं. "हा बोचत नाही," ती म्हणाली. "टेकता येतं याला."

प्रत्यक्ष काम

कागदावर पाच मिनिटांचं काम, प्रत्यक्षात दीड दिवस गेला.

ल्यूटची मान पोटाकडे रुंद होत जाते. त्यामुळे पडदा पोटाकडे सरकवला की घट्ट बसतो, टोकाकडे सरकवला की सैल पडतो. पहिला, दुसरा, चौथा पोटाकडे जायचे होते, ते मुकाट्याने गेले. तिसऱ्याला मात्र दीड मिलीमीटर मागे, टोकाकडे यायचं होतं. तो आला आणि लगेच सैल झाला, बोट दाबलं की स्वतःच सरकायला लागला. नवी तात घेऊन बांधावा लागला. तातीची टोकं गाठीपाशी ज्योतीने किंचित जाळतात, म्हणजे बोंड होऊन गाठ सुटत नाही. जळक्या तातीचा तो वास, केस जळल्यासारखा, संध्याकाळपर्यंत खोलीत होता.

मग तुकडा. पहिला तुकडा वादकाने बांबूच्या काडीतून कापला, नखाएवढा, आणि दुहेरी चिकटपट्टीने बसवला. वाजवल्यावर करकर. चूक आमचीच: तुकडा पडद्याच्या मागे आहे, म्हणून तिथे दाबलेली तार पुढच्या पडद्यावरून मोकळी जायला हवी. तुकडा पडद्यापेक्षा केसभर उंच लागतो. आमचा सारखाच उंच होता. दुसरा जास्त उंच झाला, तार दाबताना ताणली जाऊन सूर चढला. तिसरा कानशीने घासत घासत जमला. प्रत्येक वेळी तिला बोलावून गांधार गायला लावत होतो. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, मी आता तुमचं ॲप झालेय."

आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तार दाबली की ती थोडी ताणतेच, जाड तार जास्त. म्हणून गणिताने आलेली जागा ही फक्त सुरुवात. आमचा पहिला पडदा शेवटी ३५.५ च्या आसपास स्थिरावला, तोही कानाने. चौथा पडदा सरकवणं वगैरे प्रकारही नवे नाहीत. स्पेनच्या लुइस मिलानने १५३६ मध्ये व्हिउएलासाठी, म्हणजे ल्यूटसारख्याच सुरांत लावलेल्या गिटारवजा स्पॅनिश वाद्यासाठी, लिहिताना चौथा पडदा थोडा सरकवायला सांगितलं आहे. म्हणजे तेव्हाही वादक गाण्यागणिक पडद्यांना हात लावत होते.

हार्पसिकॉर्डला मला सव्वा तास लागला. जड मनाने.

मैफल

चर्च दुपारी थंड होतं, माणसं आल्यावर उबदार झालं. तातीच्या तारांना हे आवडत नाही. दोन गाण्यांमध्ये वादक खुंट्या फिरवत राहिला, लोकांनी समजून घेतलं.

जी मायनरचं गाणं आलं. ती एफ शार्पवर थांबली आणि पहिल्यांदा त्या ठिकाणी काहीच झालं नाही. तेच हवं होतं. सूर आला, टेकला, पुढे गेला. मी मागच्या बाकावर बसून श्वास सोडला.

आणि मग आमची दुसरी चूक समोर आली. पूर्वार्धातली दोन गाणी ए मायनरमधली होती. त्यांत ई मेजरचा गुच्छ येतो आणि त्याचा गांधार जी शार्प. तो सूर सगळ्यात वरच्या, बारीक जोडीवर, पहिल्याच पडद्यावर. एफ शार्पप्रमाणे त्यालाही लहान उडी हवी. आम्ही पडदा बी फ्लॅटसाठी पुढे नेला होता, तुकडा फक्त चौथ्या जोडीखाली लावला होता. आठ दिवस आम्ही तिघे एकाच गाण्याच्या एकाच सुरात इतके गुंतलो होतो की या दोन गाण्यांची उजळणी घाईत झाली होती. तिथे ल्यूटचा जी शार्प जवळजवळ वीस सेंट चढा होता.

पहिल्या गाण्यात तो एकदा वाजला. गायिकेने डोळ्यांच्या कोपऱ्यातून वादकाकडे पाहिलं. फार क्वचित ती असं बघते. पुढच्या वेळी तो गुच्छ आला तेव्हा ती जी शार्पवर होती आणि ल्यूटमध्ये तो सूर नव्हता. वादकाने गाळला होता. तिसऱ्या वेळीही, दुसऱ्या गाण्यातही. मी सुचवलेला चौथा पर्याय, ज्याच्यावर तो इतका चिडला होता, त्याने मंचावर आपणहून उचलला. नंतर यावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. त्याने एवढंच म्हटलं, "ती गातच होती."

उत्तरार्ध सरळ गेला. हार्पसिकॉर्ड आणि ल्यूट एकमेकांच्या अंगावर आले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कार्यक्रम ठरला त्याच दिवशी प्रत्येक गाण्यात कोणते काळे सूर लागतात याची यादी करायला हवी होती. एफ शार्प कुठे, बी फ्लॅट कुठे, जी शार्प हवा की ए फ्लॅट, आणि ल्यूटवर ते कोणत्या जोडीवर, कोणत्या पडद्यावर पडतात. अर्ध्या तासाचं काम आहे. ती यादी असती तर ए मायनरची गाणी दिसली असती. मग वरच्या जोडीखाली आणखी एक तुकडा लावला असता, किंवा ती दोन गाणी सलग ठेवून त्यांच्याआधी पडदा मागे घेतला असता. हल्ली मी हार्पसिकॉर्ड लावायला जातो तिथे आधी गाण्यांची यादी मागतो. लोकांना वाटतं मी कार्यक्रमपत्रिका मागतोय.

ॲपबद्दल सांगायचं तर त्याच्यात काही वाईट नाही. कोणत्या पद्धतीने मोजायचं हे त्यात निवडता येतं, मी निवडलं नव्हतं. पण त्याहून महत्त्वाचं, आवाज मोजायच्या आधी साथ मोजायला हवी होती. तंबोऱ्यावरची दहा मिनिटांची चाचणी पहिल्या दिवशीच करता आली असती. ती तिसऱ्या तालमीनंतर, एका अपमानानंतर केली.

ती स्वतःही काही बोलली असती तर? हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, इथे आल्यापासून तिला इतक्यांनी सांगितलं होतं की तुझा गांधार भारतीय आहे, खाली आहे, की तिलाच वाटायला लागलं होतं की तो खाली असणार. चारशे वर्षांपूर्वी याच खंडात तिचा गांधार बरोबर ठरला असता, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि मला ते सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

सहाव्या हिश्शाची निवड योग्य होती का, यावर माझं आणि वादकाचं अजून एकमत नाही. दोन ल्यूट असते तर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे लावून पाव कॉमा वाचवता आला असता, असं मला वाटतं. तो म्हणतो, दोन ल्यूट म्हणजे दुप्पट खुंट्या.

मैफलीनंतर चहापानाला सल्लागार तिच्यापाशी आले. खरंच मनापासून म्हणाले, "आठवड्याभरात खूप मेहनत घेतलीस. तो सूर आता वर आलाय, ऐकू येतं." तिने नम्रपणे आभार मानले. घरी जाऊन मी दोन्ही रेकॉर्डिंग्ज शेजारी लावून मोजली. तिचा एफ शार्प तालमीपेक्षा साधारण पाच सेंट वर आला होता. ल्यूटचा एकोणीस सेंट खाली.